कॅनडात नवे आहात? एसयूव्हीला ऑल-वेदर टायर आणि रिम्स घेताना काय बघायचं

दिवाळीचे आकाशकंदील लागतात त्याच सुमाराला इथे ओंटारियोत सकाळी गाडीच्या काचेवर बर्फाची पातळ साय धरायला लागते. आणि त्याच सुमाराला मला फोन यायला लागतात. कुणी पुण्याहून नुकतंच आलेलं असतं, कुणी नागपूरहून, कुणी दुबईत पाच वर्षं काढून. प्रश्न एकच असतो. "दादा, सेकंड हँड सीआर-व्ही घेतली. टायर बदलावे लागतील म्हणतायत, रिम्सही घ्या म्हणतायत. काय करू?"

मी मिसिसागात राहतो, इथले बारा हिवाळे गाडी चालवली आहे. मेकॅनिक नाही. पण स्वतःसाठी आणि मित्रांसाठी बरेच टायर घेतले, आणि कुठे पैसे घालायचे नि कुठे वाचवायचे हे हळूहळू कळत गेलं. ते सगळं एकदा नीट लिहून काढतो.

आपल्याकडे टायरचा विचार कधी होतो? पंक्चर झाला की, नाहीतर पार गुळगुळीत झाला की. इथे तेवढ्यावर भागत नाही. जुलैत तिशी ओलांडलेला डांबरी रस्ता आणि जानेवारीत उणे वीस, असं दोन टोकांचं हवामान त्याच रबराला झेलायचं असतं.

उदाहरण म्हणून मी २०१७ ते २०२२ या काळातली होंडा सीआर-व्ही घेतो. आपल्या लोकांत ती भरपूर आहे आणि तिचे आकडे मला पाठ आहेत. तुमची गाडी टोयोटा रॅव्ह-४, निस्सान रोग, ह्युंदाई टूसॉन काहीही असो, पायऱ्या त्याच. आकडे मात्र स्वतःच्या गाडीचे बघा.

पायरी १: तीन नावांतला फरक समजून घ्या

गाडीसोबत येणारे टायर बहुतेक वेळा ऑल-सीझन असतात. नावावरून वाटतं, सगळ्या ऋतूंचे आहेत, मग अजून काय हवं? मलाही पहिल्या वर्षी तेच वाटलं होतं. डिसेंबरात एका उतारावरच्या सिग्नलला ब्रेक दाबला, पायाखाली एबीएस थरथरत राहिलं आणि गाडी मात्र सरळ पुढे सरकत गेली. थांबण्याच्या पांढऱ्या रेषेच्या पुढे दीड गाडी जाऊन थांबलो. समोरून कुणी येत नव्हतं म्हणून निभावलं. टायर नवेच होते आणि गाडी ऑल-व्हील ड्राइव्ह होती.

ऑल-सीझनचं रबर साधारण ७ अंश सेल्सिअसच्या खाली कडक व्हायला लागतं. कडक रबर रस्त्याच्या खरखरीत पृष्ठभागात रुतत नाही, नुसतं वरून घसरतं. म्हणजे बर्फ पडायच्या आधीच, नुसत्या थंड आणि कोरड्या रस्त्यावरसुद्धा पकड कमी झालेली असते.

विंटर टायर याच्या उलट. थंडीत मऊ राहतात, बर्फावर आणि निसरड्या रस्त्यावर सर्वात भरवशाचे. पण उन्हाळ्यात चालवले तर भराभर झिजतात, वळणावर गाडी डुलते. म्हणून वर्षातून दोनदा बदलायचे आणि दुसरा संच कुठेतरी ठेवायचा. तळघरात भाड्याने राहणाऱ्याला किंवा एका बेडरूमच्या कॉन्डोतल्या माणसाला ती जागा आणायची कुठून? दुकानं साठवून ठेवतात, पण त्याचेही दर हंगामाला पैसे.

ऑल-वेदर हा मधला मार्ग. बारा महिने गाडीवरच राहतात, रबर थंडीत बऱ्यापैकी लवचिक राहतं, उन्हाळ्यातही टिकतं. ऑल-सीझन आणि ऑल-वेदर ही नावं इतकी जवळची आहेत की दुकानात बोलतानासुद्धा घोटाळा होतो. म्हणून नाव सोडा, टायरच्या कडेवरची खूण बघा: तीन शिखरांचा डोंगर आणि त्याच्या आत हिमकण. उत्तर अमेरिकेत ही खूण १९९९ पासून आहे. ती असेल तर टायरने बर्फावरची ठरलेली चाचणी पार केलेली असते. नुसतं "एम+एस" (मड अँड स्नो, म्हणजे चिखल आणि बर्फ) लिहिलं असेल तर त्यामागे अशी चाचणी नाही, ते फक्त नक्षीच्या रचनेवरून लिहिलेलं असतं.

या खुणेचीही मर्यादा आहे. चाचणी होते ती दाबून बसलेल्या बर्फावर, आणि मोजली जाते पुढे सरकतानाची पकड. ब्रेक मारल्यावर गाडी किती अंतरात थांबते किंवा गोठलेल्या काचेसारख्या रस्त्यावर काय होतं, हे त्यात मोजलेलं नाही. त्यामुळे खूण दोन्हींवर असली तरी ऑल-वेदर आणि खरा विंटर टायर यांची बरोबरी होत नाही.

पायरी २: तुमचे रस्ते कोणते, हे प्रामाणिकपणे ठरवा

टोरंटो, मिसिसागा, ब्रॅम्प्टन, ओकव्हिल इथे राहून ऑफिस आणि घर करत असाल, रस्त्यावर काही तासांत बर्फ वितळवणारं मीठ आणि बर्फ बाजूला ढकलणारा प्लाऊ येत असेल, आणि वादळाच्या दिवशी घरून काम करण्याची मुभा असेल, तर ऑल-वेदर तुमच्यासाठी आहेत. मी स्वतः आता तेच वापरतो.

बॅरी, ओवेन साउंड, ओंटारियोतलं लंडन हा पट्टा वेगळा. ह्यूरॉन सरोवर आणि जॉर्जियन बेवरून येणारा वारा पाणी उचलतो आणि किनाऱ्यापलीकडे बर्फ म्हणून ओततो. टोरंटोत ऊन असताना तिथे समोरची गाडी दिसत नाही. सडबरी, थंडर बेची तर गोष्टच सोडा. अशा ठिकाणी राहत असाल, पहाटे चारच्या शिफ्टला निघत असाल, किंवा दर शनिवारी मुलांना स्कीइंगला नेत असाल, तर खरे विंटर टायर घ्या. ऑटवातल्या मित्रांनाही मी हेच सांगतो. जागेची अडचण असली तरी.

ऑल-व्हील ड्राइव्हच्या भरवशावर कुणी हे टाळत असेल तर त्याला सांगा: चारही चाकांना ताकद मिळाली की गाडी सुटते लवकर. थांबताना मात्र प्रत्येक गाडी चारही चाकांवरच थांबते, आणि तिथे जे काही आहे ते टायरचं रबर आहे.

कायद्याचंही बघून घ्या. ओंटारियोत विंटर टायर सक्तीचे नाहीत. क्यूबेकमध्ये नोंदणी असलेल्या गाड्यांना १ डिसेंबर ते १५ मार्च ती डोंगर-हिमकणाची खूण असलेले टायर लागतातच. तेव्हा माँट्रियलला बदली होऊन गाडीची नोंदणी तिथे करणार असाल तर खूण असलेले ऑल-वेदर चालतात, साधे ऑल-सीझन चालत नाहीत. ब्रिटिश कोलंबियात डोंगरी महामार्गांवर १ ऑक्टोबरपासून नियम लागू होतो, बहुतेक ठिकाणी ३० एप्रिलपर्यंत. तिथे एम+एससुद्धा मान्य आहे, पण टायरच्या खाचांची खोली किमान ३.५ मिलिमीटर हवी. मान्य असणं आणि पुरेसं असणं यात फरक आहे, व्हँकुव्हरहून डोंगरात जाणाऱ्यांनी तो लक्षात ठेवावा.

ओंटारियोत १ जानेवारी २०१६ पासून प्रत्येक विमा कंपनीला विंटर टायरसाठी सवलत द्यावी लागते. खूण असलेले ऑल-वेदर त्यात धरतात का, हे आपल्या कंपनीला खरेदीच्या आधी विचारा आणि उत्तर ईमेलवर घ्या.

पायरी ३: ड्रायव्हरचं दार उघडा आणि स्टिकर वाचा

दाराच्या चौकटीवर एक स्टिकर असतो. गाडीवर आत्ता चढवलेल्या टायरवरचा आकडा नका घेऊ, आधीच्या मालकाने काय चढवलं असेल ते तुम्हाला माहीत नाही. स्टिकरवर समजा असं लिहिलंय: २३५/६० आर १८, १०३ एच.

२३५ म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये. ६० म्हणजे टायरच्या कडेची उंची रुंदीच्या ६० टक्के, म्हणजे १४१ मिलिमीटर. आर म्हणजे रेडियल. १८ हा रिमचा व्यास, इंचात. १०३ हा भाराचा निर्देशांक आहे, किलो नव्हेत. तक्त्यात १०३ म्हणजे एका टायरवर ८७५ किलो, १०२ म्हणजे ८५०, १०४ म्हणजे ९००. स्टिकरपेक्षा हा आकडा जास्त चालेल, कमी अजिबात नको. एच म्हणजे ताशी २१० किलोमीटरपर्यंतचा वेग. एवढ्या वेगाने तुम्ही जाणार नाही हे खरं, पण हे अक्षर टायर उष्णतेला किती तोंड देतो तेही सांगतं. विंटर टायर खालच्या अक्षराचे घेतले तर चालून जातं. ऑल-वेदर मात्र जुलैतही गाडीवर असणार, म्हणून मी स्टिकरवरचंच अक्षर धरतो.

आता एक हिशेब करून बघा, कारण रिम्सचा सगळा निर्णय त्यावर आहे. ही सीआर-व्ही मॉडेलप्रमाणे १७, १८ किंवा १९ इंची रिम्सवर येत असे. टायरचे आकार अनुक्रमे २३५/६५ आर १७, २३५/६० आर १८ आणि २३५/५५ आर १९. प्रत्येकाचा पूर्ण व्यास काढा: रिमचे इंच गुणिले २५.४, अधिक कडेची उंची दोनदा. सतरा इंचीचा येतो साधारण ७३७ मिलिमीटर, अठरा इंचीचा ७३९, एकोणीस इंचीचा ७४१. चाक जवळपास तेवढंच. म्हणून स्पीडोमीटर आणि गाडीची उंची बदलत नाही. बदलतं काय, तर रबराची कड. सतरा इंचीला १५३ मिलिमीटर, एकोणीस इंचीला १२९.

हे २४ मिलिमीटर मार्चमध्ये कळतात. दिवसा बर्फ वितळतो, पाणी डांबराच्या भेगांत जातं, रात्री गोठून फुगतं, आणि सकाळी रस्त्यात खड्डा तयार. उंच कड तो धक्का खाऊन टाकते. पातळ कड असली की धक्का थेट रिमवर. माझ्या शेजाऱ्याच्या १९ इंची रिमची आतली कड एका खड्ड्यात अशी वाकली होती की बाहेरून काही दिसत नव्हतं, फक्त दर आठवड्याला हवा कमी.

पायरी ४: रिम्स खरंच हव्यात का?

बहुतेक नव्या मंडळींना इथेच नाहक खर्चात पाडलं जातं. वेगळा विंटर संच घेणार असाल तर दुसऱ्या रिम्स घेण्यात अर्थ आहे, दर हंगामाला टायर रिमवरून उतरवा-चढवा होत नाही. पण ऑल-वेदर बारा महिने त्याच रिमवर बसणार. आहेत त्या रिम्स सरळ असतील तर नव्या घेऊच नका. ते पैसे चांगल्या टायरवर घाला.

रिम बदलावी ती वाकली असेल, तडा गेला असेल, मिठाने इतकी खाल्ली असेल की टायर बसतो ती कड खवल्याखवल्यांची झाली असेल, किंवा १९ इंचीवरून १७ वर यायचं असेल तर. हवा हळूहळू जात असेल तर आधी दुकानात ती कड घासून साफ करून सीलंट लावून बघायला सांगा. बऱ्याचदा तेवढ्याने भागतं.

घ्यायच्याच ठरल्या तर स्टीलच्या स्वस्त पडतात आणि खड्ड्यात तडकण्याऐवजी बहुतेक वेळा वाकतात, पण गंजतात. अलॉयमध्ये पूर्ण रंगवलेली घ्या, चंदेरी किंवा काळी. शोरूममध्ये जी तासून चकचकीत केलेली, वरून नुसता पारदर्शक थर दिलेली असते, तिच्या थराला बारीक चरा पडला की मीठ आत शिरतं आणि दोन हिवाळ्यांत खालून पांढऱ्या अळीसारख्या रेषा पसरायला लागतात. क्रोमचे तर पापुद्रे निघतात. डोळ्यांना आवडणारी रिम आणि ओंटारियोच्या मिठात टिकणारी रिम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पायरी ५: रिमचे आकडे जुळवा, एकही न सोडता

इथे जरा थांबून वाचा. टायर चुकला तर बऱ्याचदा दुकानात चढवतानाच लक्षात येतं. रिम मात्र थोडी चुकीची असूनही गाडीला बसते, आणि त्रास नंतर होतो.

पहिला आकडा बोल्ट पॅटर्न. सीआर-व्हीला ५ बाय ११४.३, म्हणजे पाच नट, ११४.३ मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळावर. हा आकडा टोयोटा, निस्सान, ह्युंदाई अशा बऱ्याच गाड्यांचा आहे. त्यामुळेच "भाऊ, रॅव्ह-४ च्या रिम्स पडून आहेत, बसतील तुला" असं कुणीतरी म्हणतंच.

नटांची भोकं जुळतीलही. पण दुसरा आकडा मधल्या भोकाचा आहे. होंडाच्या हबचा, म्हणजे गाडीच्या ज्या गोल भागावर रिम बसते त्याचा, व्यास ६४.१ मिलिमीटर, टोयोटा रॅव्ह-४ चा ६०.१. रॅव्ह-४ ची मूळ रिम होंडावर जाणारच नाही, भोक लहान पडतं. बाजारात मिळणाऱ्या इतर कंपन्यांच्या रिम्सना मात्र भोक मुद्दाम मोठं ठेवतात, बऱ्याचदा ७३.१, म्हणजे एकच रिम अनेक गाड्यांना जाते. मधली फट भरायला एक कडी घालायची असते, बाहेरून ७३.१ आणि आतून ६४.१.

ही कडी नसेल तर काय होतं ते मी भोगलंय. वापरलेल्या चार रिम्स घेतल्या, स्वस्तात मिळाल्या म्हणून खूश होतो. गावात गाडी लोण्यासारखी. हायवेला लागलो आणि वेग ९५ च्या पुढे गेला की स्टिअरिंग हातात शिवशिवायला लागे. एकदा बॅलन्सिंग केलं, पुन्हा केलं, अलाइनमेंट केलं, कॉफीच्या कपातली थरथर काही जाईना. शेवटी एका वयस्कर मेकॅनिकने चाक उतरवलं, हब आणि भोक यांच्या फटीत करंगळीचं नख घालून दाखवलं आणि म्हणाला, रिम नटांवर लटकली आहे, हबवर बसलेलीच नाही. चार प्लास्टिकच्या कड्या घातल्या आणि थरथर त्याच दिवशी गेली. अलाइनमेंटच्या पैशांत तशा कड्यांचे कितीतरी संच आले असते.

तिसरा आकडा ऑफसेट, रिमवर "ईटी" च्या पुढे लिहिलेला असतो. रिम हबला टेकते ती जागा रिमच्या मध्यापासून किती बाहेर आहे, ते यात मिलिमीटरमध्ये असतं. गाडीची मूळ रिम ईटी ४५ असेल आणि तुम्ही तेवढ्याच रुंदीची ईटी ३५ घेतलीत, तर चाक १० मिलिमीटर बाहेर येतं. दिसायला रुबाबदार, पण चिखल आणि मिठाचं पाणी दारांवर उडतं आणि बेअरिंगवर जास्त ताण येतो. पाच मिलिमीटर इकडेतिकडे मी चालवून घेईन, त्यापुढे नाही.

मग येतात नट. होंडाला एम १२ बाय १.५ चे आटे लागतात. पण आट्यांइतकाच महत्त्वाचा आहे नटाचा बुडखा, म्हणजे रिमला टेकणारा भाग. होंडाच्या मूळ नटाचा बुडखा गोलसर असतो, चेंडूच्या तुकड्यासारखा. बाहेरच्या बहुतेक रिम्सना शंकूसारखा, निमुळता बुडखा लागतो. गोल नट शंकूच्या खळग्यात घट्ट आवळल्यासारखा वाटतो, पण फक्त एका बारीक रेषेवर टेकलेला असतो आणि चालताचालता सैल पडतो. माझ्या एका मित्राला एका दुकानात नव्या रिम्सवर जुनेच नट लावून दिले होते. आठवडाभरात पुढून खट् खट् आवाज यायला लागला, बघितलं तर दोन नट हाताने फिरत होते. रिम घेताना नट सोबत घ्या, आणि एक नट उलटा करून स्वतःच्या डोळ्यांनी त्याचा आकार बघा.

रिमच्या मागच्या बाजूला तिची भार पेलायची क्षमता किलोंमध्ये कोरलेली असते. दाराच्या स्टिकरवर प्रत्येक आसाचा कमाल भार दिलेला असतो, त्याचा अर्धा करा. रिमचा आकडा त्याहून जास्त हवा. आणि १९ वरून १७ ला येताना ब्रेकच्या कॅलिपरला रिम घासत नाही ना, हे एक चाक चढवून हाताने फिरवून बघायला सांगा. त्याच पिढीच्या साध्या मॉडेलला १७ इंची येत असेल तर अडचण सहसा येत नाही, पण बघून घेण्याला दोन मिनिटं लागतात.

पायरी ६: टायर निवडा

नोकियन रेमेडी डब्ल्यूआरजी५, टोयो सेल्सियस २, मिशेलिन क्रॉसक्लायमेट २, ब्रिजस्टोन वेदरपीक, गुडइयर अशुरन्स वेदररेडी २, योकोहामा जिओलँडार सीव्ही ४एस ही नावं इथल्या दुकानांत तुमच्या कानावर पडतील. यातली नोकियन ही फिनलंडची कंपनी, १९३०च्या दशकापासून विंटर टायर करत आली आहे. क्रॉसक्लायमेटची इंग्रजी व्ही अक्षरासारखी नक्षी लांबून ओळखू येते. अमक्या ब्रँडचाच घ्या असं मी सांगणार नाही. तुमच्या मापात, तुमच्या भार-निर्देशांकात जे मिळतात त्यातले दोन-तीन निवडून प्रत्यक्ष बघा.

बघायचं काय? आधी खूण. मग नक्षीच्या ठोकळ्यांवरच्या ब्लेडने चिरल्यासारख्या बारीक नागमोडी रेघा. अंगठ्याने ठोकळा दाबला की त्या उघडतात. बर्फावर याच चिरा पकड घेतात. त्या टायरच्या तळापर्यंत खोल आहेत की वरवरच्या, हे विचारा, कारण वरवरच्या चिरा टायर अर्धा झिजल्यावर दिसेनाशा होतात. मग मधल्या खाचा: एप्रिलच्या पावसात पाणी बाहेर फेकायचं काम त्यांचं. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर पावसात गाडी पाण्यावर तरंगल्यासारखी झालेली ज्यांनी अनुभवली आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको.

त्यानंतर टायरचं वय. कडेवर डीओटी लिहिलेल्या ओळीचे शेवटचे चार आकडे बघा. ३५२४ असेल तर २०२४ सालच्या ३५व्या आठवड्यात तयार झालेला. ही पूर्ण ओळ टायरच्या एकाच बाजूला असते, त्यामुळे दिसली नाही तर दुसरी बाजू बघायला मागा. वर्षभराच्या आतला असेल तर उत्तम. तीन वर्षं गोदामात पडलेला टायर सवलतीत देत असतील तर मी नको म्हणतो.

चारही टायर एकदम आणि एकसारखे घ्या. दोनच घेऊन पैसे वाचवावेत असं वाटतं, मला कळतं, नव्या देशात पहिल्या वर्षी एकेक डॉलर मोजून खर्च होतो. पण पुढे ऑल-वेदर आणि मागे जुने ऑल-सीझन असले की बर्फात पुढचं टोक पकडतं, मागचं निसटतं, आणि गाडी भोवऱ्यासारखी फिरते. ऑल-व्हील ड्राइव्ह गाडीत तर जुन्या-नव्या टायरच्या व्यासातल्या फरकाने यंत्रणेवरही ताण येतो. चार घेणं जमत नसेल तर थोडे स्वस्त चार घ्या, महागडे दोन नकोत.

पायरी ७: भाव विचारताना

या मापाच्या एका ऑल-वेदर टायरला साधारण २०० ते ३०० डॉलर पडतात. फोनवर सांगतात तो आकडा नुसत्या टायरचा असतो. "सगळं धरून, गाडी बाहेर पडेपर्यंत किती?" असं विचारा. त्यात चढवणं, बॅलन्सिंग, नवे व्हॉल्व्ह, जुन्या टायरची विल्हेवाट आणि १३ टक्के एचएसटी, म्हणजे इथला विक्रीकर, धरलेला हवा. तीन ठिकाणी हेच वाक्य बोला आणि लिहून घ्या. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये कंपन्यांचे रिबेटही असतात. पहिला बर्फ पडल्यावर गेलात तर तीन आठवडे नंबर लागत नाही आणि हवं ते माप संपलेलं असतं.

जुने टायर एका बाजूने जास्त झिजले असतील तर नवे चढवतानाच अलाइनमेंट करून घ्या. सारखे झिजले असतील आणि गाडी सरळ चालत असेल तर तो खर्च टाळता येतो.

पायरी ८: बसवण्याच्या दिवशी

किल्ली घेऊन लगेच निघू नका. चारही चाकांभोवती एक फेरी मारा. माप आणि निर्देशांक पावतीशी जुळवा. टायरच्या कडेवर बाण असेल तर गाडी पुढे जाताना चाक ज्या दिशेने फिरतं तिकडेच तो दाखवायला हवा. बाण नसून "बाहेरची बाजू" अशी खूण असेल तर ती बाहेरच दिसली पाहिजे. घाईच्या दिवसांत चाक उलटं लागल्याचं मी दोनदा पाहिलंय.

नट टॉर्क रेंचने, म्हणजे ठरवलेल्या जोराइतकंच आवळणाऱ्या पान्याने, आवळले का, ते विचारा. या सीआर-व्हीला १०८ न्यूटन-मीटर लागतात. नुसत्या हवेच्या गनने आवळलेले नट एकतर सैल राहतात किंवा इतके घट्ट होतात की रात्री रस्त्यात चाक बदलायची वेळ आली तर हलत नाहीत. ५० ते १०० किलोमीटर चालवल्यावर पुन्हा तपासायचे असतात. बरीच दुकानं हे फुकट करतात, आपण जायला हवं एवढंच.

टायरमधली हवा कमी झाली की डॅशबोर्डवर दिवा लागतो. या सीआर-व्हीत त्यासाठी चाकात सेन्सर नसतो, गाडी चाकांच्या फिरण्यावरून अंदाज बांधते. म्हणून नव्या टायरनंतर मेनूत जाऊन कॅलिब्रेशन करावं लागतं, आणि नवे सेन्सर विकत घ्यायची गरज नसते. ज्या गाड्यांत चाकाच्या आत सेन्सर असतो तिथे मात्र नव्या रिम्सबरोबर तेही घ्यावे लागतात. तुमच्या गाडीत कोणता प्रकार आहे ते गाडीच्या पुस्तकात बघून मगच दुकानात जा.

नंतरची काळजी

थंडीत हवा आकसते. तापमान साडेपाच-सहा अंशांनी उतरलं की साधारण १ पीएसआय कमी होतो. वीस अंशांच्या गॅरेजमध्ये ३३ भरलेला टायर उणे वीसमध्ये २६च्या आसपास येतो. म्हणून नोव्हेंबर ते मार्च महिन्यातून एकदा, सकाळी गाडी हलवायच्या आधी, गेजने मोजा आणि दाराच्या स्टिकरवरच्या आकड्याइतकी भरा. टायरच्या कडेवर लिहिलेला आकडा ही कमाल मर्यादा असते, तेवढी भरू नका.

दर आठ-दहा हजार किलोमीटरला चाकं पुढची मागे करा. बाणाचे टायर असतील तर डावीकडची डावीकडेच राहतात.

खाचांची खोली मोजायला खिशातलं दोन डॉलरचं नाणं पुरतं. ते खाचेत उभं धरा. रबर अस्वलाच्या पंजांपर्यंत पोचलं तर टायर नव्यासारखा. फक्त बाहेरच्या चंदेरी कड्याएवढंच झाकलं गेलं तर अर्धा संपला. नाण्यावरची अक्षरंही अर्धीच झाकली जात असतील तर नवे घ्यायची वेळ झाली. ओंटारियोचा कायदा दीड मिलिमीटरपर्यंत चालू देतो, पण बर्फात ४ मिलिमीटरच्या खाली गेलेल्या टायरवर, खूण असो वा नसो, मी मुलांना घेऊन निघत नाही.

आणि पहिला बर्फ पडला की एक करा. रविवारी सकाळी एखादं रिकामं, मोठं पार्किंग शोधा. आजूबाजूला खांब, माणसं नाहीत ना, बघा. ताशी २०च्या वेगात जाऊन ब्रेक पूर्ण दाबा. पायाखाली एबीएसची थरथर जाणवेल, पाय काढू नका, दाबून ठेवा. मग ३०ला करा. गाडी कुठे थांबली ते उतरून बघा, बर्फात उमटलेले चाकांचे पट्टे पावलांनी मोजा. सोमवारी ऑफिसला जाताना समोरच्या गाडीपासून किती अंतर ठेवायचं, हे त्या पावलांवरून कळेल.